जेल रोडवरून खाली आलेलं विमान

ही घटना खरी आहे. ज्यांना खोटी वाटते त्यांनी खुशाल वत्सलाबाई अहिरेंना विचारावं. त्या दारातूनच हाकलतील, तो भाग वेगळा.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. नाशिकरोड, जेल रोडवरची एक कॉलनी. भरदुपार.

वत्सलाबाईंचे यजमान, फ्लाइट लेफ्टनंट भिकन अहिरे, मूळचे नामपूरचे. एकाहत्तरच्या लढाईत साथीदाराच्या विमानावर शत्रूच्या तोफा रोखल्या गेल्या, तेव्हा हे आपलं विमान मुद्दाम तोफांसमोर घेऊन गेले. एकदा. दोनदा. साथीदार सुखरूप निसटला.

तिसऱ्यांदा गेलेले भिकनराव मात्र परतलेच नाहीत...

त्यांचं वीरचक्र वत्सलाबाईंनी स्वीकारलं. ऐन तेविशीत.

त्या दुपारी पुतण्या निवृत्ती आला. महापालिकेला उभा होता. अंगात कडक इस्त्रीचं जाकीट, मागे मोबाईल धरलेली बायको रोहिणी.

"काकू, प्रचाराचा व्हिडिओ करायचाय. चक्र द्या ना जरा."

आणि त्याने ते सरळ स्वतःच्या जाकिटाला टोचलं!

वत्सलाबाईंना किळस आली. दिवाळीत सुतळी बॉम्ब वाजला की हाच बाथरूममध्ये कडी लावून बसायचा.

"ते लावायला आत काहीतरी असावं लागतं, निवृत्ती. नुसतं जाकीट पुरत नाही."

"मतदारांना कुठे कळतंय, काकू!" तो हसला. मोबाईलकडे वळला. "माझे काका मला नेहमी म्हणायचे..."

काका गेले तेव्हा हा जन्मालाही आला नव्हता.

तेवढ्यात... लांबून आवाज आला.

विमानाचा.

ओझरकडची विमानं कॉलनीला नवी नाहीत. पण ती आली की कपाटातल्या कपबश्या थरथरतात.

आज कपबश्या गप्प होत्या...

आवाज छपरावरून गेला. वळला. पुन्हा आला. आणखी खालून.

निवृत्तीचं तोंड पांढरंफटक पडलं.

"बोला ना," रोहिणी वैतागली. "रेकॉर्डिंग चालू आहे."

तिला काहीच ऐकू येत नव्हतं!

तिसऱ्यांदा आवाज थेट खिडकीवर झेपावला... आणि मध्येच तुटला.

मग काहीच नाही. रस्त्यावरच्या रिक्षांचाही आवाज नाही.

निवृत्ती दिवाणाखाली होता. "काढा हे! काकू, काढा!" त्याच्या हातांनी पिन निघेना. शेवटी वत्सलाबाईंनीच काढली.

चक्र तव्यासारखं तापलं होतं... जाकिटावर मात्र साधा डाग नाही.

तो अनवाणीच पळाला. पुढे निवडूनही आला. अशांचं कधी काही अडत नाही.

वत्सलाबाईंनी दार लावलं. आता पोटभर हसायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. हसू आलं नाही.

तान्ही मुलगी दगावली, तेव्हा त्यांनी आभाळाकडे बघून ह्यांना किती हाका मारल्या होत्या. पानही हललं नव्हतं.

"अहो," त्या रिकाम्या घरात म्हणाल्या, "माझ्यासाठी एकदाही आला नाहीत. आणि या फुसक्यासाठी आलात?"



आतल्या खोलीत... कुणीतरी अवघडून घसा खाकरला.

त्या खोलीचं दार वत्सलाबाईंनी अजून उघडलेलं नाही.