फेटे बरोबर, पाहुणा चुकला

अंबाबाईची शपथ, जोतिबाची शपथ, आणि माझ्या उरल्यासुरल्या दातांची शपथ! या गोष्टीतला शब्दन् शब्द खरा आहे. ज्याला पटणार नाही त्यानं आत्ताच उठून पाढे म्हणायला जावं.

कुणी उठलं नाही ना? मग ऐका.

मे महिन्याच्या सुट्टीत कोल्हापुरात एक परिषद भरली होती. गांडुळांची. म्हणजे गांडुळं नव्हती आली, गांडुळांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आले होते, पार आसामपासून केरळापर्यंतचे. दोन दिवस त्यांनी थंडगार हॉलमध्ये बसून भाषणं ऐकली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना कोल्हापूर दाखवायचं ठरलं. दाखवणार होती अनेकांतची रूपाली आत्या. गाईड म्हणून तिची ही पहिलीच सहल. पाण्याच्या बाटल्या आणि भडंगाच्या पुड्या वाटायला तिनं तिघांना बरोबर घेतलं होतं: सातवीतला अनेकांत, त्याच्याच वर्गातली शेजारची राजनंदिनी, आणि राजनंदिनीचा धाकटा भाऊ सम्राट. सम्राट एक पुडी वाटायचा आणि एक स्वतः संपवायचा.

सहलीचा सगळा कारभार सहल कंपनीच्या विश्वजित सरांकडे होता. त्यांनी सकाळीच सगळ्या पाहुण्यांना, बायकांनासुद्धा, एकसारखे गुलाबी फेटे बांधून घेतले. गर्दीत पाहुणे उठून दिसतील आणि मोजायलाही सोपं जाईल, असा त्यांचा हिशोब. मुलांना त्यांनी बजावलं, की पाहुण्यांना तुम्ही कोण, कुठले, असलं काही विचारायचं नाही. पाहुण्याला नाव विचारणं म्हणजे तू बिनबोलावता आलास म्हणण्यासारखं आहे.

देवीचं दर्शन झालं. सर बसच्या दारात उभे राहिले, एक कान मोबाईलला लावला, आणि मागून दिसतील तसे फेटे मोजले. बरोबर भरले. बस निघाली. शेजारी एक लग्नाची बस उभी होती, तीही निघाली.

पाणी वाटता वाटता सम्राट शेवटच्या बाकापाशी अडला. खिडकीशी एक भलेमोठे काका झोपले होते. मिशा कानापर्यंत, घोरणं बसच्या इंजिनाच्या वर. आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर एक निळी पर्स पडली होती. पर्समध्ये मोबाईल, जाड भिंगाचा चष्मा आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र. त्यावर पांढऱ्या केसांच्या आजींचा फोटो: डॉ. निरुपमा, आसाम.

तिघांनी बसमधले सगळे चेहरे बघितले. आसामच्या आजी कुठंच नव्हत्या.

अनेकांत धावत सरांकडे गेला. सरांनी कानावरचा मोबाईलसुद्धा काढला नाही. "फेटे बरोबर आहेत की नाही? मग पाहुणे बरोबर आहेत." आत्यानं मागच्या काकांकडे बोट दाखवलं, तर ते कर्नाटकातले प्राध्यापक असतील, झोपू दे, असं सर म्हणाले. आणि हळूच हेही म्हणाले, की पहिल्याच दिवशी असा गोंधळ घातलास तर हीच तुझी शेवटची सहल. तरी आत्यानं हॉटेलला फोन लावला. निरुपमाबाई तिथं आल्या नव्हत्या.

आता विचार करा. सत्तरीच्या बाई, परकं गाव, मराठी येत नाही, मोबाईल नाही, डोळ्याला चष्मासुद्धा नाही. राजनंदिनीनं ती निळी पर्स आपल्याच खांद्याला अडकवली.

बस राजवाड्यातल्या संग्रहालयापाशी थांबली तेव्हा मिशावाले काका जागे झाले. आत गेल्यावर पेंढा भरलेल्या वाघासमोर उभे राहून ते हसले. ते हसणं कसलं, ढगांचा गडगडाट! इतकी धूळ उडाली, की वाघ शिंकला. होय, शिंकला. सम्राटनं आपल्या डोळ्यांनी बघितलं.

"ह्यांना विचारायला पाहिजे," अनेकांत कुजबुजला.

"विचारायचं नाही म्हणून सांगितलंय ना?" राजनंदिनी म्हणाली. "मग आपण विचारायचंच नाही. आपण सांगायचं."

ती काकांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि आपलीच टकळी चालू केली. मी राजनंदिनी, आमचं मूळ गाव शाहूवाडीकडं, हा माझा भाऊ, ह्यानं सकाळपासून भडंगाच्या सात पुड्या खाल्ल्यात. आपल्याकडच्या माणसाला समोरच्यानं गाव सांगितलं, की स्वतःचं सांगितल्याशिवाय राहवतंय का?

"मी मुरगूडचा हंबीरराव," काकांनी मिशीवर हात फिरवला. "भाचीचं लगीन हाय की आज, हुपरीला. पूर्णिमाचं. सकाळी सगळं वराड देवीला आलतो. रातभर हळदीत नाचलो, बसमधी टेकलो आन् डोळाच लागला. पर मुलाकडची माणसं लई झ्याक हायत बग. लगनाआदी एसी बसनं राजवाडा दावाय लागल्यात. फकस्त एक कळंना, ही सगळी इंग्लिश का बोलत्यात?"

"मामा, ही वऱ्हाडी नाहीत," सम्राट म्हणाला. "ही गांडुळवाली आहेत."

हंबीररावांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "फेटं तर आमचंच हायत."

मग उलगडा झाला. दोन्हीकडचे फेटे पिराजी नावाच्या एकाच फेटेवाल्यानं, एकाच रंगात बांधले होते. मामा झोपेच्या तारेत गुलाबी फेटे बघून या बसमध्ये चढले. आणि निरुपमाबाई? पर्स सीटवर ठेवून दर्शनाला उतरलेल्या, डोळ्याला चष्मा नाही, पुढं दिसतोय तो नुसता गुलाबी रंग. त्या त्याच रंगामागून चालत लग्नाच्या बसमध्ये गेल्या असणार. एक इकडं, एक तिकडं. फेटे बरोबर भरणारच!

मामा तडक दाराकडे वळले. "दुपारचा मुहूर्त हाय गं पोरी. बापाविना वाढलीया ती. मी हात धरून न्हेल्याशिवाय मांडवात जायाची न्हाय, लहानपणापास्नं सांगत आलीया." त्यांचा मोबाईल आणि पाकीट बायकोच्या पिशवीत होतं, आणि नंबर तर हल्ली कुणालाच पाठ नसतात. मामा एकटे रिक्षानं पोचले असते, पण बाईंना परत कोण आणणार? आत्याला बस सोडून जाता येईना.

आत्या सरांकडे गेली. सर म्हणाले, जेवणानंतर बघू, आत्ता पाहुण्यांना काही कळता कामा नये.

सगळे बसमध्ये चढले. राजनंदिनीनं आत्याकडे बघितलं. आत्यानं तिच्याकडे बघितलं, आणि हातातला माईक पुढं धरून खिडकीबाहेर बघायला लागली. राजनंदिनीनं शाळेत शिकलेलं सगळं इंग्रजी गोळा केलं आणि जाहीर केलं, की आता पाहुण्यांसाठी खास कार्यक्रम आहे, चांदीच्या गावात, हुपरीला, खरंखुरं कोल्हापुरी लग्न!

बसमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. केरळचे एक शास्त्रज्ञ उठून सरांचा हात हलवायला लागले. आता एवढ्या पाहुण्यांसमोर सर नाही म्हणतात कसे? ओठ ताणून हसले आणि ड्रायव्हरला मान डोलावली.

वाटेत शेणखताच्या ट्रॅक्टरनं रस्ता अडवला, तेव्हा हंबीररावांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून अशी हाळी दिली, की ट्रॅक्टर थेट शेतात शिरला.

हुपरीच्या कार्यालयात बँडवाले वाजवून वाजवून दमले होते. भटजींनी घड्याळ बघून बघून मान दुखवून घेतली होती. लाऊडस्पीकरवरून एकच हाक चालू होती: "मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावं." आणि खोलीत पूर्णिमा दाराकडे डोळे लावून बसली होती. मुहूर्त टळला तरी चालेल, पण मामाशिवाय उठणार नाही, म्हणत होती.

"आलो, बाळ, आलो!" मामांची आरोळी आली आणि पूर्णिमा रडत रडत हसली. मामांनी तिचा हात धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता पडल्या. अर्ध्या अक्षता गांडुळवाल्यांनी टाकल्या.

आणि निरुपमाबाई? त्या पहिल्या रांगेत मऊ खुर्चीवर बसल्या होत्या. एका हातात जिलेबीची वाटी, दुसऱ्या हातात सरबत, मांडीवर ओटीचा नारळ. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाच्या लांबच्या आत्या आल्यात. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीच्या आजी. पाहुण्याला कोण म्हणून विचारायचं नसतं, म्हणून दोन्हीकडच्यांनी नुसतं आग्रहानं वाढलं!

राजनंदिनीनं त्यांचा चष्मा त्यांच्या हातात दिला, तेव्हा कुठं आत्यानं भिंतीला टेकून मोठा श्वास सोडला. बाईंनी चष्मा घातला, मांडव नीट बघितला आणि आत्याला मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "तुमच्या कंपनीचा कार्यक्रम फार छान. पण ती नवरी सगळ्यात छान. किती खरं रडली!"

सगळे हसले. मग खरं काय ते ऐकल्यावर बाईंनी राजनंदिनीला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, गर्दीत माणूस ओळखणारी मुलगी शास्त्रज्ञ होणार. हंबीररावांनी सम्राटला खांद्यावर घेतलं. पूर्णिमाच्या आईनं तिघांच्या तळहातावर एकेक चांदीचं घुंगरू ठेवलं. पाहुण्यांनी परिषदेच्या मोठ्या साहेबांना सांगितलं, की पुढच्या वेळी गाईड हीच पाहिजे, रूपाली.

आणि विश्वजित सर सगळ्यांसमोर उभे राहिले, कान धरले आणि म्हणाले, "चूक माझी. मी फेटे मोजले, माणसं मोजलीच नाहीत."

आता खोटं कशाला बोलू, शपथ घेतलीय. यातली एक गोष्ट मी पदरची घातली. सर असलं काही बोलले नाहीत. ते कोपऱ्यात मोबाईल कानाला लावून, सहल कशी झकास झाली, ते कुणाला तरी सांगत होते. पण कुणीतरी ते म्हणायला पाहिजे होतं की नाही? म्हणून मी त्यांच्या तोंडी घातलं.

वाघ मात्र शिंकला.