भावंडं

आमच्या प्रयोगशाळेत एकमेकांना चिकटलेल्या कणांना ‘भावंडं’ म्हणतात. शब्द मोठ्या साहेबांचा. पातळ औषधात तळाशी बसणारे कण किती मोठे, ते यंत्र सांगतं. गोल, सुईसारखे की चपटे, ते सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहावं लागतं. बावीस वर्षं मी तेच करतोय. कुणी विचारलं तर सांगतो, पोटासाठी राईचा पर्वत करतो.

‘बाटली हलवून घ्या’ ही ओळ मात्र मला आजही नीट वाचवत नाही. मी दहा वर्षांचा असताना आईनं आजारी छोटीला, माझ्या बहिणीला, औषध पाजायचं काम माझ्यावर सोपवलं होतं. मी बाटली एकदाही हलवली नाही. वरचं पाणी आधी संपलं. शेवटचे दोन चमचे चिखलासारखे घट्ट होते. तेही पाजले. छोटी सकाळी उठलीच नाही. आई म्हणाली, तापानं नेली. मी तोंड उघडलं नाही, आजवर नाही.

मंगळवारी सकाळी लहान मुलांच्या औषधाचा नमुना आला. काचपट्टीवर थेंब ठेवला आणि पाहिलं, तर जिकडेतिकडे भावंडं. दोन-दोनच. एक मोठं, एक लहान.

“नीट हलवलं नसशील,” साहेब म्हणाले.

मला ते झोंबलं. पुन्हा हलवलं, नवी काचपट्टी घेतली. तेच.

नमुना यंत्रात घातला. या औषधातले कण वीस मायक्रॉनच्या आत असतात. यंत्रानं दोनच आकडे दिले: एकशे एकतीस आणि एकशे चार.

घरी दाराच्या चौकटीवर आईनं आमची उंची पेन्सिलीनं लिहून ठेवली आहे, छोटी गेली त्या वर्षीची. माझी एकशे एकतीस सेंटीमीटर. तिची एकशे चार.

आई महिनाभर अंथरुणाला खिळून आहे. दुपारचं औषध द्यायला मी रोज घरी जातो. कुलूप उघडून आत गेलो. बाटली सकाळी मी ठेवली तिथेच होती, खिडकीत, आईचा हात पोचणार नाही अशी.

“आई, तेव्हा मी बाटली हलवली नव्हती.” रडू आवरेना.

तिनं उशीवरची मान माझ्याकडे वळवली.

“ठाऊक आहे रे.”

“कुणी सांगितलं?”

“आधी औषध दे. हलवू नकोस, हलवून झालीय.”

मी बाटली उचलली.

वर फेस होता. बुडबुडे अजून फुटत होते.