साक्षीदार तुकडा

त्या काळी सांगलीत माणूस मरायच्या आधी त्याच्या निरोपाची पंगत बसायची. ज्याच्या नावानं जेवायचं तो पाटावर हजर असलेला बरा, हे लोकांना पटलं होतं. पटवलं होतं डॉ. वसुधा वाळिंबे यांच्या कर्णांकानं.

कर्णांक म्हणजे कानांची मोजणी. पेशीच्या अंगावर बारीक ग्राहक असतात. 'वाढ' असा रासायनिक हुकूम आला की तो हेच ऐकतात. म्हणून वसुधाबाई त्यांना कान म्हणत. पित्ताशयाच्या कर्करोगात काही गाठींना असे कान उदंड फुटतात. गाठीचा पापुद्रा काचपट्टीवर घ्यायचा, रंग चढवायचा. कान जितके जास्त, तितका तपकिरी रंग गडद; त्यावरून यंत्र शून्य ते तीन असा आकडा द्यायचं. शून्य आलं तर गाठ बहिरी, रोग्याला लगेच शस्त्रक्रियेला घ्यायचं. तीन आलं तर उगाच चिरफाड नाही; दुखण्याच्या गोळ्या घेऊन घरी जायचं आणि आचारी ठरवायचा. तीनचा माणूस वर्ष ओलांडत नसे. एकही नाही.

आणि आचारी ठरलेलाच, काशिनाथ गुरव. त्याची बासुंदी खायला मिळावी म्हणून धडधाकट माणसंसुद्धा तपासणी करून घेत, असं गावात म्हणत. पुढे काशिनाथलाच तीन आला. "माझ्या पंगतीला दुसऱ्याचा हात नको," म्हणत तो स्वतःच कढईपुढे बसला.

थंडीच्या दिवसांत वसुधाबाईंनी शिकवायला म्हणून त्याची काचपट्टी काढली, आणि सूक्ष्मदर्शकावरचा त्यांचा डोळा हलेना. प्रत्येक पट्टीच्या एका टोकाला साक्षीदार तुकडा असतो, भरपूर कानांच्या जुन्या गाठीचा. तो तपकिरी झाला की रंग नीट चढला, असं समजायचं. ही पट्टी उलटी बसली होती. यंत्रानं साक्षीदाराचेच कान मोजले होते. काशिनाथचा तुकडा दुसऱ्या टोकाला होता, पांढराफटक.

सही करण्याआधी डॉक्टरांनी स्वतः पाहायचं, असा नियम होता. काशिनाथच्या आकड्यावर सही केली त्या दुपारी बाई कुणाच्या तरी निरोपाला जेवून आल्या होत्या. बासुंदीच्या दोन वाट्या. डोळे मिटत होते. बासुंदी काशिनाथचीच.

त्या तशाच त्याच्या घरी गेल्या. काशिनाथ ओसरीवर पडला होता, डोळे हळदीसारखे पिवळे.

"या बाईसाहेब! उशीर केलात, पंगत उठली की."

"काशिनाथ, चूक झाली. माझी. तुमची गाठ बहिरी आहे. आकडा शून्य."

त्याची बायको अनसूया दारात थबकली. "म्हंजे, हे मरत न्हाईत?"

काशिनाथ खोकत हसला. "आता गल्लीला काय तोंड दाखवू? भाऊ जन्माचं भांडण विसरून गळ्यात पडून रडला. ते रडणं परत करू व्हय? अन् मग तो तीन कुणाचा?"

"एका बाईंचा. फार वर्षं झाली त्यांना जाऊन."

"तिच्या ताटातलं माझ्या पानात वाढलंत की ओ!"

"गप बसा," अनसूया म्हणाली. तिनं चपला त्याच्यापुढे आणून ठेवल्या. "उठा. आजच्या आज कापायला सांगा, बाई."

पण बहिरी गाठही वाढते, फक्त सावकाश. कुणी हात न लावलेल्या त्या महिन्यांत ती यकृतात शिरली होती. शल्यविशारदानं पोटाचा स्कॅन पाहिला आणि नकारार्थी मान हलवली. चपला अनसूयानं पिशवीत घालून घरी नेल्या.

फाल्गुनात काशिनाथ गेला. वर्षाच्या आत. शेवटी म्हणाला, "तुमचा आकडा चुकत न्हाई बघा, बाईसाहेब."

बाईंनी इस्पितळाच्या समितीला चूक कळवली. समितीचं उत्तर आलं: रोगी अपेक्षित काळात दगावला, सबब कर्णांक ग्राह्य, दुरुस्तीची गरज नाही.

मग बाईंनी तीनच्या काचपट्ट्यांचं कपाट उघडलं. सगळ्या घरी पाठवलेल्या माणसांच्या. एकालाही कधी शस्त्रक्रियेला घेतलं नव्हतं. ही माणसं कानांनी मेली की घरी पाठवल्यानं, हे सांगणारा साक्षीदार त्या कपाटात नव्हता.

तेवढ्यात नवी पट्टी आली. या वेळी त्यांनी डोळे फाडून पाहिलं. गडद तपकिरी. खराखुरा तीन. बाहेर रोगी आणि त्याचा मेहुणा बसले होते.

"ऐका," बाई म्हणाल्या, "मला वाटतं, शस्त्रक्रिया करून बघू या."

"तीन असून?" रोग्यानं हात जोडले. "कशाला फसवता, बाई? मुदतीआधीच मारायचंय का?"

मेहुणा जवळ सरकला. "ते असू द्या. गुरव तर गेले. आता बासुंदी कुणाची चांगली?"

बाईंनी अहवालाचा कागद पुढे ओढला.

"त्यांच्या मुलाची," त्या म्हणाल्या, आणि सही केली.