बुरुजावरची ओ

"पुष्पाबाईच्या धाकट्या सुनेवर, रत्नावर आलेला प्रसंग आहे. खोटा वाटला तर शिंदखेड्याला जाऊन तिलाच विचारा," ओट्यावर जमलेल्या पोरापोरींना सुपडू नाना म्हणाले आणि सांगू लागले.

पंचवीस सालची चैत्रातली अवस, रविवार. लग्नाला दोन महिने झालेले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाण्याआधी रत्नाला तापीकाठची जुनी गढी दाखवायची, असं भूपेंद्रनं ठरवलं. निघायचं होतं तीनला. पण वाटेत त्याला मित्र भेटला, मग त्या मित्राचा मित्र. बुरुजावर पोचेतो सूर्य बुडाला. नदीचा तो नावाजलेला देखावा रत्नानं पाहिला, काळोखात.

खाली घाटाजवळचा दगडी नंदी उन्हाळ्यातच तेवढा पाण्याबाहेर येतो. "फोटो काढीसन दोन मिनिटात येस," म्हणत भूपेंद्र उतरला. जाळं गुंडाळणाऱ्या भाईदासनं जाताजाता बजावलं होतं, "आठला वरच्या बंधाऱ्याचं पाणी सोडतील. त्याच्या आत वर या."

सात चाळीस झाले. दोन मिनिटं काही संपेनात.

नवऱ्याला नावानं हाक मारायची नाही, हे सासूनं पहिल्याच दिवशी सांगितलेलं. रत्ना ओरडली, "अहो!"

"ओ," खालून आलं.

"वर या आधी!"

पायऱ्यांवर पावलं वाजली. तिच्या मागे येऊन थांबली. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. नदीकडे तोंड करून दोन महिन्यांचं सगळं बाहेर काढलं. "दर रविवारी मित्र! तुम्हाला बायको हवी होती की पिशव्या धरायला माणूस?"

तो ऐकत राहिला. एकदाही मध्ये बोलला नाही.

तिलाच नवल वाटलं. भूपेंद्र... आणि इतका वेळ गप्प?

तेवढ्यात खालून, लांबून, हाक आली.

"अवं रत्ना! मोबाइल बंद पडना! उजेड दाखाड, पायऱ्या दिसत नहीत!"

...

मानेवर श्वास आला. गार. ओला.

सात अठ्ठावन्न.

पुन्हा 'अहो' म्हणावं... तर ओ कोण देईल?

"भूपेंद्र!" ती किंचाळली. "भूपेंद्र, पळ!"

मोबाइलचा उजेड तिनं पायऱ्यांवर धरला. मागे पाहिलं नाही. तो धापा टाकत वर पोचला, तेव्हा खाली पाणी घोंगावत आलं. नंदी गेला.

"पहिल्या हाकेला का नाही आलात?"

"हाक ऐकू तर उनी. पण कोणी तरी ओ दिन्ही. माले वाटनं, दुसरं जोडपं शे."

बुरुजावर कुणी नव्हतं.

घरी आल्यावर दिव्याखाली तिनं कमरेला खोचलेला पदर सोडला. टोकाला गाठ होती. गाठीत जुन्या, पिवळ्या उपरण्याचं फाटकं टोक. ओलं. गाठ मात्र घट्ट...

लग्नात मारतात, तशी.