‘नको’ची दुरुस्ती

"जरा उठता का? तुम्ही माझ्या चौकटीत बसलाय."

खडकावर बसलेल्या माणसाने मांडीवरच्या कागदांतून मान वर काढली. कानावर पेन्सिल, बूट ओले, आणि चेहऱ्यावर नुकतंच झोपेतून उठवल्यासारखा गोंधळ. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग खाली. खडकावर पांढऱ्या रंगाने एक चौकोन आखला होता आणि तो त्याच्या बरोब्बर मधोमध बसला होता.

"पहिल्याच भेटीत चौकटीत बसवलंत मला!"

"बसवलं नाही. उठवतेय."

तो हसत उठला. ती लगेच गुडघ्यांवर बसली. खडकाला टोप्यांसारखे इवलेसे शंख चिकटले होते. खिशातून नेलपॉलिशची बाटली काढून ती एकेकाच्या पाठीवर ठिपका द्यायला लागली. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, तो गेलाच नाहीये.

"लाल रंग... त्यांनी निवडला की तुम्ही?"

"भरती आली की हे चरायला निघतात," ती मान वर न करता म्हणाली. "आणि पाणी ओसरायच्या आत परत. प्रत्येक जण आपापल्या जागेवर, दुसऱ्याच्या नाही. कोण कुठवर जाऊन येतो ते बघतेय."

"म्हणजे शेजारी शेजारी राहतात, पण एकटे."

तिचा हात थांबला. इतकं नेमकं वाक्य तिला प्रयोगशाळेतही कुणी ऐकवलं नव्हतं.

तो मुद्रितशोधक होता. छापायला जाण्याआधी पुस्तकं वाचायची, ऱ्हस्व-दीर्घ आणि स्वल्पविराम जागेवर बसवायचे, हे त्याचं काम. शहरातल्या घराशेजारी कुणीतरी इमारत बांधायला काढली, तेव्हा हातातली कादंबरी संपेपर्यंत त्याने धक्क्याजवळ एक खोली भाड्याने घेतली होती. ती समुद्र संशोधन केंद्रात काम करायची आणि उतारावरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. स्वखुशीने. हे ‘स्वखुशीने’ मात्र तिच्या थोरल्या बहिणीला काही केल्या पटत नसे.

"अगं एकलकोंडे, किती दिवस त्या शंखांशी गप्पा मारणार?" ताई फोनवर विचारायची.

"ते मधेच फोन करत नाहीत, ताई."

ओहोटीला तो रोज यायला लागला. चौकोनाबाहेर बसायचा, आपले कागद वाचायचा. ती आपले ठिपके शोधायची. पाणी चढून दोघांना उठवेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हे न ठरवताच ठरलं. मग धक्क्यावरच्या टपरीवर चहा. तिथल्या पाटीवर ‘गरम चहा मीळेल’ असं लिहिलं होतं, आणि दर घोटाला त्याची नजर त्या ‘मी’वर जाऊन दुखावून परत यायची.

"करून टाका ना दुरुस्त," ती एकदा म्हणाली.

"तो मालक मला चहा देणार नाही परत. शिवाय तुमच्याबरोबर इथे बसायचं निमित्त जाईल." कप ओठांशी नेऊन तो कपातच पाहत राहिला.

आपले कान गरम झालेले तिला कळले, आणि ते चहामुळे नव्हे हेही.

कादंबरी समुद्रकाठी एकट्या राहणाऱ्या बाईची होती. एके दिवशी त्याने तिला एक पान दाखवलं.

"ही बाई दर पानावर एकाकी आहे. एकाकी उठते, एकाकी पोळी भाजते..."

"एकटी असेल. एकाकी कशावरून?"

"फरक?"

वाऱ्याने तिच्या केसांची बट तोंडावर आणली, तिने ती बाजूला केली, परत आली. "एकटी आहे हे दिसतं. एकाकी आहे का, ते तिला विचारावं लागतं. विचारलंय कुणी?"

"नाही," तो हळूच म्हणाला.

"मग बदला तो शब्द."

"शब्द बदलायचा अधिकार मला नाही. वेलांटी-उकार एवढीच माझी हद्द. शंका आली तर पानाच्या समासात प्रश्नचिन्ह टाकायचं, ठरवायचं ते लेखकाने." त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि समासात एक प्रश्नचिन्ह काढलं. मग जरा थांबून म्हणाला, "तू... तुम्ही कधी एकाकी असता?"

"तूच म्हण," ती म्हणाली. "आणि नाही. अजून तरी नाही."

कादंबरी संपत आली. रविवारच्या बोटीने तो परत जाणार होता. शुक्रवारी ओहोटीत ती एकटीच खडकांवर होती, तो खोलीत शेवटची पानं उरकत होता. तेव्हा तिने ठरवलं... बोलायचं. काय बोलायचं ते नीट ठरलं नाही, पण जेवायला बोलवायचं एवढं ठरलं. ओल्या बोटांनीच तिने फोनवर निरोप टाकला आणि लाट आली म्हणून फोन खिशात कोंबला.

शनिवारी संध्याकाळी तिने टेबलावर दोन ताटं मांडली. खिडकी उघडली, मग वारा येतो म्हणून लावली, मग रस्ता दिसत नाही म्हणून परत उघडली. भात निवला. तो आला नाही.

घर तेच होतं, शांतताही तीच, जिच्यात ती इतकी वर्षं पाय पसरून सुखाने बसली होती. आज मात्र दुसऱ्या ताटाकडे पाहवेना. कादंबरीतल्या त्या बाईची तिने मनातल्या मनात माफी मागितली.

सकाळी ताईचा फोन. "आला होता का तुझा ऱ्हस्वदीर्घ?"

"नाही. यायचं नसेल त्याला."

"असं कसं? काय लिहिलं होतंस तू? वाच बघू."

"लिहिलं होतं, उद्या संध्याकाळी जेवायला घरी न..." ती थांबली.

"न... काय?"

"‘नक्की ये’ लिहायचं होतं गं. इथे... ‘नको ये’ झालंय."

पलीकडून ताईचं खो-खो हसणं. "अगं बाई! धन्य आहेस! हसतेय काय मी... बोट कितीची आहे? पळ!"

ती चपला हातात घेऊनच उतार उतरली. बोटीची घंटा होत होती. रांगेच्या शेवटी तो उभा होता, खांद्यावर पिशवी, कानावर पेन्सिल.

"साऱ्या जगाच्या चुका काढतोस," ती धापा टाकत म्हणाली, "आणि ही एक दिसली नाही तुला? ‘नको ये’ असं कुणी म्हणतं का?"

"दिसली की. पहिल्याच नजरेत." त्याने पिशवी खाली ठेवली. "पण तिच्या दोन दुरुस्त्या होऊ शकत होत्या. ‘नक्की ये’ किंवा ‘येऊ नको’. मला कुठली हवी होती ते मला माहीत होतं. म्हणूनच... म्हणूनच हात लावला नाही. तुझ्या ‘नको’ला मी माझ्या सोयीने ‘नक्की’ करू?"

आपल्या एकटेपणाचं दार कुणी इतक्या अदबीने न उघडता सोडलं, असं तिच्या बाबतीत कधी घडलं नव्हतं.

"मग प्रश्नचिन्ह तरी टाकायचंस, वेड्या!"

"घाबरलो," तो म्हणाला. "उत्तर ‘येऊ नको’ आलं असतं तर?"

"‘नक्की’ होतं," ती म्हणाली. आवाज बारीक झाला, पण तिने वाक्य सोडलं नाही. "आणि नुसतं जेवणापुरतं नव्हतं. माझी पलीकडची खोली रिकामी आहे. लग्नाचं ताई बघेल, तिला घाईच आहे. फक्त... मी कधी कधी दार लावून घेईन. रागावले असं समजायचं नाही."

बोट त्याला न घेता सुटली.

दुपारी दोघांनी मिळून जुनं टेबल पलीकडच्या खोलीत ओढत नेलं. तिने खिडकीकडे म्हटलं, त्याने भिंतीकडे. समुद्र दिसला तर काम होणार नाही म्हणे. भिंतच जिंकली. मग तिने मधलं दार लावून पाहिलं. आपल्या बाजूला बसली, पुस्तक उघडलं, तेच पान पुन्हा वाचलं. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग कागद उलटल्याचा, मग काहीच नाही. हे ‘काहीच नाही’ कालच्यापेक्षा किती वेगळं होतं!

तिने उठून दार किलकिलं केलं आणि आत डोकावली.

"लाव ते," तो मान वर न करता म्हणाला. "वाचतोय मी."

तिने दार लावलं, आणि त्याला पाठ टेकून किती तरी वेळ, आवाज न करता हसत उभी राहिली.