काचेचा खांदा

"बैल सुटलाऽ!" अशी हाक आली आणि मंगळवार पेठेतल्या त्या चिंचोळ्या गल्लीत एकच पळापळ झाली.

जरीना आपल्या आत्याचा, नजीरा फुफीचा, हात धरून भिंतीला चिकटली. बुरख्याच्या जाळीतून तिला आधी धुळीचा लोट दिसला, मग शिंगं दिसली, आणि मग... गल्लीच्या मधोमध चालत येणारा एक तरुण दिसला. त्याच्या उजव्या खांद्यावर दोरीत ओवलेल्या काचेच्या बांगड्या लोंबत होत्या. समोरून माणसं त्याच्या अंगावर धावत येत होती, आणि त्यांच्या मागून बैल. जरीनाने डोळे गच्च मिटले आणि काच फुटायची वाट पाहिली.

आवाज आलाच नाही.

तिने डोळे उघडले, तर तो तिच्या शेजारीच भिंतीला पाठ टेकून उभा होता. गर्दीतून वाट काढताना कंबरेत कसा वळला, खांदा कधी मागे घेतला, काही कळलं नाही. एकही बांगडी वाजली नव्हती.

"मी म्हटलं, आता सगळा चुरा होणार," तिच्या तोंडून निघून गेलं.

"चुरा झाला असता तर आईनं घरात घेतलं नसतं की."

"आणि बैलानं शिंग मारलं असतं तर?"

"तर आईनं आधी बांगड्या बघितल्या असत्या, मग मला!"

जरीना हसली. बुरख्याआड हसू दिसत नाही, पण ऐकू येतं. तो वळून बघायला लागला तशी फुफी कडाडली, "ए पावणं! बैल गेला न्हवं? मग भिंत सोडा की आता!"

तो गेला. जाताना एकदा मागे वळला. तो दिसेनासा होईपर्यंत जरीना भिंतीशीच उभी राहिली.

तो रशीद. बांगड्या भरणाऱ्या रोशनबी मणेरणीचा मुलगा. हे तिला त्याच आठवड्यात कळलं, आणि कळलं तेही भलत्याच माणसाकडून— अब्बांकडून.

जरीनाचे अब्बा, शमशुद्दीन मास्तर, शाळेत कवायत शिकवायचे. शाहू महाराजांचं राज्य होतं. कुस्तीचा फड असला की सगळं कोल्हापूर तिकडे लोटायचं. फुटबॉल मात्र नवा होता. मास्तर तो बेळगावच्या छावणीत गोऱ्या सोजिरांचा खेळ बघून शिकले होते आणि इथल्या पोरांचा एक संघ त्यांनी बांधला होता. दर वर्षी दिवाळी झाली की हा संघ बेळगावला जाऊन त्या छावणीशीच सामना खेळायचा. आपली पोरं अनवाणी, समोरच्यांच्या पायांत बूट.

त्या बुटांनी गेल्या वर्षी जरीनाच्या भावाचा, दिलदारचा, गुडघा फोडला होता. त्याला आगगाडीतून फळीवर निजवून आणलं होतं. त्याचं कण्हणं ऐकून जरीनाने उशी कानांवर दाबून धरली होती. आता तो काठी घेऊन चालायचा आणि चेंडूचं नाव काढलं की उठून जायचा.

आणखी एक गोष्ट घडली होती. मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांना उजेड कळायचा, माणूस कळायचा नाही. तरी संघ निवडायचे तेच. बेळगावच्या आधी आपल्याच पोरांचे दोन गट पाडून ते एक चाचणीचा सामना लावायचे. मैदानाच्या कडेला पडदा लावलेला टांगा उभा राहायचा. पुढे टांगेवाला केरबा, आत मास्तर, आणि मास्तरांच्या शेजारी पडद्याच्या फटीला डोळा लावून जरीना. ती सांगायची, ते ऐकायचे आणि ठरवायचे. पोरांना वाटायचं, मास्तरांना केरबा सांगतो.

"औंदा मधल्या जागेवर एक नवा गडी हाय," अब्बा जेवताना म्हणाले. "मणेराचा रशीद. परवा बैलापुढनं बांगड्या सांभाळून निघाला, त्योच. मधला गडी म्हणजे सगळ्या संघाचा मेंदू. चेंडू कुणाला द्यायचा ते त्यानं ठरवायचं. पोरगं हुशार हाय म्हणत्यात. बघू."

जरीनाच्या हातातला घास हातातच राहिला. मधल्या जागेवर गेल्या वर्षी दिलदार होता.

ईद जवळ आली तशी रोशनबी बांगड्या भरायला घरी आली. तिचा अंगठा सुजला होता म्हणून मुलाला सोबत आणलं होतं. मणेराचा हात परका मानायचा नाही, अशी रीतच होती. फुफी समोर बसली, रोशनबी शेजारी बसली, आणि जरीनाचा हात रशीदच्या हातात गेला.

तिने मूठ आवळली.

"मूठ सैल सोडा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "भ्यालं की हात घट्ट होतो. मग काच फुटती."

"मी कुठं भ्याले?"

"मग ही नाडी कुणाची पळतीया?"

फुफीने खाकरून घेतलं. जरीनाने मान खाली घातली. बांगडी हाडावरून अलगद सरकली.

रोशनबी फुफीला मिरचीचा भाव सांगायला लागली, तशी जरीना पुटपुटली, "तुम्हाला न्हाय वाटत भ्या? बेळगावचं?"

तो जरा थांबला. मग खरं तेच बोलला. "लई वाटतं. लहानपणापासनं खांद्यावर काच घेऊन फिरलोय. कुणी अंगावर आलं की अंग आपोआप वळतं, हात खांद्याकडं जातो... मैदानात खांद्यावर काच नसती, तरी जातो." आणि हसून म्हणाला, "मास्तरांस्नी सांगू नका हं. मला त्या संघात जायचंच हाय. बांगडीवाला म्हणून हसत्यात सगळी."

मास्तरांना सगळं कोण सांगतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

चाचणीच्या दिवशी परतीचा पाऊस भुरभुरत होता. कसबा बावड्याच्या वाटेवरचं ते मैदान चिखलाने निसरडं झालं होतं. पडद्याच्या कडेने थेंब आत येत होते, तरी जरीनाला घाम फुटला होता.

"कसा खेळतोय बांगडीवाला?" मास्तरांनी विचारलं.

"चेंडू यायच्या आधी मान वर करून बघतो, अब्बा. चेंडू आला की लगेच देतो. डावीकडं दिला... केशवला. आता परत घेतला. दोघं आले अंगावर... गेला! दोघांच्या मधनं गेला!"

"काय म्हणतीस! दोघांच्या मधनं?"

"घोडं बी कान टवकारून बघाय लागलंय, मास्तर!" पुढून केरबा ओरडला.

"तू घोड्याचं बघ रे!"

मास्तर हसले. पोरगं खरंच खेळत होतं. गर्दी जमली की त्याला वाट दिसायची. चेंडू त्याच्या पायाला असा चिकटायचा, जणू तोही काचेचाच आहे. जरीना सांगत सुटली. आवाजात एवढा आनंद बरा नव्हे, हे तिला कळत होतं, पण आवरत नव्हतं.

आणि मग आकाराम त्याच्यावर धावून गेला. आकाराम तालमीतला गडी, दाराएवढा रुंद. रशीदच्या पायाशी चेंडू होता. एक क्षण उभं राहायला हवं होतं, एक धक्का सोसायला हवा होता. रशीदचं अंग वळलं. उजवा हात खांद्याकडे गेला. डोळे मिटले. आकाराम चेंडू घेऊन निघूनही गेला.

"काय झालं? पोरं का ओरडली?"

जरीनाने डोळा फटीवरून मागे घेतला.

"बोल की, पोरी. चेंडू गेला का?"

"पाय... पाय घसरला त्याचा," ती म्हणाली. "चिखल हाय ना, अब्बा."

आयुष्यात पहिल्यांदा ती या टांग्यात खोटं बोलली होती. मध्यंतरापर्यंत तसं आणखी एकदा झालं. तेव्हाही चिखलाचाच दोष निघाला.

मध्यंतराला मास्तरांनी गुडघ्यावर थाप मारली. "ठरलं. दिलदारच्या जागी हाच. बेळगावला मधे हा खेळंल."

दिलदारच्या जागी. या दोन शब्दांनी जरीनाला गेलं वर्ष आठवलं. तिच्या डोळ्यांपुढे मैदान राहिलंच नाही. आगगाडी आली, फळी आली, फळीवर दिलदारऐवजी दुसराच चेहरा आला. समोरून बूट येणार आणि हा डोळे मिटणार! डोळे मिटून वळलेल्या माणसाला पाय कुठे आहे आणि बूट कुठे आहे, हे कसं कळणार?

खरं सांगितलं तर त्याची जागा जाणार. सगळे पुन्हा हसणार, आणि तो आपलं तोंडही बघणार नाही. नाही सांगितलं तर... तिला पुढचा विचार करवेना. आणि सगळ्यात मोठी भीती वेगळीच होती. आपण खरं सांगणार ते खरं आहे म्हणून, की त्याला आपल्याजवळ ठेवायला?

मैदानात पुन्हा शिट्टी वाजली. आकाराम पुन्हा धावला. हात पुन्हा खांद्याकडे गेला.

"अब्बा," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. पाय घसरला नव्हता. तो अंग चोरतो... धक्का येतो तेव्हा डोळे मिटतो. दर वेळी."

मास्तरांनी अंधूक डोळे तिच्याकडे वळवले. ती का खोटं बोलली, हे त्यांनी विचारलं नाही. न विचारल्याचीच तिला जास्त भीती वाटली.

खेळ संपल्यावर त्यांनी रशीदला टांग्याजवळ बोलावलं. तो चिखलाने माखला होता, धापा टाकत होता, चेहऱ्यावर आशा होती. पडद्याआड जरीनाने ओढणी दातांत धरली.

"चेंडू लई चांगला देतोस," मास्तर म्हणाले. "मी शिकवलं त्यातल्या कुणालाच एवढं दिसत न्हवतं. आता एक सांग. आकाराम आला की अंग चोरलंस का?"

रशीदला नाही म्हणता आलं असतं. समोरच्या म्हाताऱ्याला दिसत नव्हतं.

"व्हय, मास्तर. चोरलं."

"औंदा तुला नेत न्हाय."

त्याचा चेहरा पडला. "केरबानं सांगितलं?"

"केरबाला घोड्याबिगार काय दिसतंय! माझ्या डोळ्यांनी सांगितलं. आधी चुकले, मग सुधारले." मास्तरांनी पडद्यावर हात ठेवला. रशीदची नजर त्या हाताबरोबर पडद्यावर गेली आणि तिथेच खिळली. फटीतून त्याने तिला पाहिलं की नाही, कोण जाणे. तिने मात्र पाहिलं. त्याच्या डोळ्यांतली आशा विझली आणि तिथे भलतंच काही आलं. राग? ती मागे सरकली.

"ऐक," मास्तर म्हणत होते. "माझा पोरगा कशालाच भीत न्हवता. म्हणून पुढं गेला आणि मोडला. भिणाऱ्याला शिकवता येतं, बाबा. डोळे उघडे ठेवून भ्यायचं, एवढंच. यायचं असंल तर पहाटे माझ्या अंगणात ये. यायचं नसंल तर तुझी मर्जी."

रशीद पाठ फिरवून निघून गेला.

संघ त्याच्याशिवाय बेळगावला गेला, हरून आला, पण सगळे आपापल्या पायांनी चालत आले. रशीद अंगणात आला नाही. गल्लीत बांगडीवाल्याची हाक आली की जरीना खिडकीशी धावायची. हाक दुसऱ्याच कुणाची असायची. तो आता कधीच येणार नाही, हे तिने मनाशी ठरवून टाकलं. ठरवूनही भीती जाईना.

मग एका पहाटे अंगणात धप्प असा आवाज झाला.

"ऊठ! परत उभा ऱ्हा! आणि डोळे मिटलेस तर काठी घालीन!"

आवाज दिलदारचा होता. इतक्या दिवसांत तो असा ओरडला नव्हता. जरीनाने स्वयंपाकघराचं दार किलकिलं केलं. दिलदार काठीवर भार देऊन खांद्याने रशीदला धक्के देत होता आणि रशीद अंगणात लोळत होता. पुन्हा उठत होता, पुन्हा लोळत होता. ओट्यावर अब्बा चहा घेत नुसते ऐकत होते.

दिलदार दम खायला बसला, तसा रशीद हात धुवायला रांजणाशी आला. रांजण दाराशेजारीच होता.

"रागावला असाल," दाराआडून ती म्हणाली.

"रागावलो की. लई रागावलो. आईनं केलेला पुलाव सुद्धा खाल्ला न्हाय."

"मग आज कसे आला?"

"इचार केला." तो हातावर पाणी ओतत राहिला. "माझ्यासाठी खोटं बोलणारी माणसं हायत मला. आई बोलती, दोस्त बोलत्यात. पण माझ्यासाठी खोटं बोलून, मग माझ्यासाठीच भिऊन खरं बोलणारी... दुसरी कोण मिळंल असं वाटंना."

जरीनाने दाराची कड घट्ट धरली. "तुम्हाला कुणी सांगितलं मी भ्याले ते?"

"नाडी बघितलीया मी तुमची."

ती हसली, आणि हसता हसता डोळे भरले. "पुढच्या वर्षी बेळगावला जाल तुम्ही."

"जाणार. नको म्हणता?"

नको म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. "न्हाय म्हणत. पण भ्या वाटंल. तुम्ही परत येईपर्यंत... घास उतरायचा न्हाय मला."

अंगणातून दिलदारने हाक मारली, "ए बांगडीवाल्या! हात धुतोस का अंघोळ करतोस?"

"आलो, आलो!" तो घाईने दाराकडे वाकला. आवाज एकदम खाली आला, आणि आकारामसमोर झाला नव्हता इतका तो आता घाबरलेला दिसला. "उद्या आई येणार हाय फुफीकडं. बांगड्या घेऊन न्हवं... मागणी घालाय. तुमचे अब्बा न्हाय म्हणाले तर काय करायचं, त्या इचारानं रातभर झोप न्हाय मला. तुम्ही न्हाय म्हणाला तर... ते तर इचारूच नका."

अब्बा काय म्हणतील, फुफी काय म्हणेल, बेळगावची गाडी, बूट, सगळं एकदम जरीनाच्या डोळ्यांपुढून गेलं. एकही भीती कमी झाली नव्हती. उलट त्यात एक नवी भर पडली होती.

"मला पण भ्या वाटतंय," ती कशीबशी म्हणाली.

"मग दोघं मिळून भिऊ की!"

दार अजून किलकिलंच होतं. तिने ते आणखी थोडं उघडलं, त्याच्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली, "व्हय."