रांजणावरचं ओलं फडकं

लानफेन कारखान्यात आली, तेव्हा एक अनोळखी तरुण तिच्या कच्च्या मातीच्या किटलीवर सुरी चालवत होता. अगदी मन लावून... जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात दाबून.

"अहो! काय चाललंय हे?"

"बांबू," मान वर न करता तो म्हणाला. "दोन पानं राहिलीत. जरा उजेडातून बाजूला होता का?"

"ती किटली माझी आहे!"

"मग नशीबवान आहात. माझे बांबू चांगले येतात, असं लोक म्हणतात."

लानफेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारखाना चालवणाऱ्या कूबाईंचा नियम तिंगशू गावात कुणाला ठाऊक नव्हता? शिष्याने जांभळ्या मातीची एक साधी, बिननक्षीची किटली निर्दोष करायची, मगच त्याला स्वतःच्या नावाचा शिक्का. तोवर सगळ्या मालाच्या बुडाला बाईंचं नाव. "नक्षी म्हणजे शाल," बाई म्हणायच्या, "खालचं ठिगळ झाकते." लानफेनचे दोन प्रयत्न वाया गेले होते. हा तिसरा. आणि आईने बजावलं होतं, या वसंतात शिक्का मिळाला नाही, तर मुकाट्याने चांगचौला मामाच्या औषधांच्या दुकानात बसायचं!

"माझ्या रांजणात हात घालायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"रांजणानेच." त्याने सुरीने दाखवलं. "ओलं फडकं पांघरलेला रांजण नक्षीवाल्याचा. तुमच्याच गल्लीची रीत ना ही? मी पेइ युआन. वूशीहून आलोय, बाईंनी बोलावलं म्हणून."

लानफेनची नजर फडक्याकडे गेली. फडकं तिनेच टाकलं होतं. सकाळी ऊन चढलं, रांजणात ठेवलेली किटली सुकेल या धास्तीने हाताला लागलं ते फडकं भिजवलं आणि टाकलं. रीत पार विसरून!

"फडकं... मीच टाकलं," ती पुटपुटली. "पण तोंडाने विचारायचं तरी!"

"परीक्षेची होती?" त्याचा चेहरा उतरला. सुरी हळूच खाली ठेवत तो म्हणाला, "भट्टी भरायला आठ दिवस आहेत. दुसरी करा. मी हाताखाली राबतो. माती कुटेन, पाणी शिंपडेन, शिव्या खाईन."

"शिव्या आधी."

"चालेल. कधीपासून?"

तिला हसू आलं, म्हणून ती जास्तच चिडली. "आणि ती दोन पानं पुरी करा. अर्धा बांबू बघवत नाही!"

दुसऱ्या दिवशी तो तिच्या आधी हजर. लानफेनच्या उजव्या हाताला खिडकी, म्हणून त्याने आपलं बांबूचं स्टूल डावीकडे मांडलं. ती मातीची पोळी लाकडी मोगरीने थोपटून सारखी करायची, तिचा उभा नळा जोडायची, मग एका हाताची बोटं आत घालून बाहेरून फळीने टप टप टप... नळ्याला हळूहळू गोल पोट यायचं. चाक नाही, साचा नाही. सारा भरवसा हातावर आणि डोळ्यावर.

"बोललं तर चालतं का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग बघितलं तर?"

"...मातीकडे बघा."

"मातीकडेच बघतोय. तुमच्या नाकावर लागलीय ती."

तिने मनगटाने नाक पुसलं. आता गालालाही लागली. खांदे गदगदत होते मेल्याचे!

दुपारी त्याने डबा उघडला. रानपाल्याच्या रसात रंगवलेला काळा चिकट भात आणि बांबूच्या कोंबांचं सूप. खाता खाता तो म्हणाला, "ओठ काळे झालेत."

"कुणाचे?"

"तुझे. म्हणजे... तुमचे."

"तुझे म्हटलंस तरी चालेल," लानफेन भाताकडे बघत म्हणाली. "तुझेही झालेत."

चौथ्या दिवशी झाकण बसलं. इतकं चपखल, की मूठ धरून वर उचललं, तर झाकणाबरोबर अख्खी किटली अलगद वर आली. युआनने श्वास रोखला होता. त्याचा तो चेहरा बघत लानफेनने किटली जपून खाली टेकवली. आवडतो मला हा... तिने मनाशी कबूल करून टाकलं. पुढचे चार दिवस किटली सावलीत सुकली, आणि युआनला रोज तिथे यायला काही ना काही निमित्त सापडलं.

दोन्ही किटल्या भट्टीतून निघाल्या, लालसर जांभळ्या, कुठे तडा नाही. कूबाईंनी साधी किटली हातात घेतली. पाणी ओतलं, धार बघितली, झाकण फिरवलं. मग किटली डोळ्यांसमोर धरून एक डोळा मिटला.

"पोट डावीकडे केसभर जास्त आलंय," बाई म्हणाल्या. "त्या बाजूला कोण बसायचं?"

लानफेनचे कान तापले.

"...मी," युआन म्हणाला.

"वाटलंच. जिकडे डोळा, तिकडे हात. नापास."

लानफेनचे डोळे भरून आले. तेवढ्यात युआन पुढे झाला. "बाई, माझी नक्षीवाली बघा. नक्षी शाल आहे, मान्य. पण सुरी आतपर्यंत जाते. भिंत कुठे जाड, कुठे पातळ झाली, की सुरीचा आवाज बदलतो. मी दोनशे किटल्या कोरल्यात. हिच्यात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकच आवाज होता. मला तेव्हा लानफेन माहीतही नव्हती, तेव्हा तोंडदेखलं म्हणत नाही."

बाईंनी ती किटली उचलली. नक्षीची बाजू नव्हे, मागची कोरी बाजू अंगठ्याने चाचपली. एकदा... पुन्हा एकदा. मग एक डोळा मिटून बघितलं, बराच वेळ.

"झाकायला काही नव्हतंच हिच्यात," त्या शेवटी म्हणाल्या. "उद्या जाऊन शिक्का कोरायला टाक, पोरी. आईला मी फोन करते." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "आणि याचं स्टूल तेवढं हलव!"

दोघंच उरले. लानफेनला हसू आणि रडू एकदमच आलं.

"कुठे हलवू?" त्याने स्टूल उचललं. "दाराबाहेर?"

"समोर ठेव."

"आणि बसू किती दिवस?"

"किटली सरळ यायला हवी ना?" लानफेन म्हणाली. या वेळी ती मातीकडे बघत नव्हती. "रोज बस."